बुधवारचा अभ्रा

सोमवार, ३

पाणी ओतता ओतताच तिने विचारलं, कोण?

माझे दोन्ही हात पुढे, बाह्या कोपरापर्यंत वर, पिशवी अजून खांद्यालाच. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम. मी माझं नाव सांगू लागले तेव्हा तिने मान हलवली. तुझं नाव राहू दे गं, म्हणाली, ज्याने तुझं वाटोळं केलं तो कोण, ते सांग.

मी म्हणाले, भाऊ.

सख्खा? सख्खा. मग तर काय, म्हणाली, परका निदान लाजतो तरी. आणि हसली. मीही हसले. या दारात हसू येईल असं घरून निघताना वाटलं नव्हतं.

इथली रीत अशी की सर्वांत शेवटी आलेल्या बाईने पुढच्या बाईसाठी दार उघडायचं, तिच्या हातांवर पाणी घालायचं आणि हा एकच प्रश्न विचारायचा. तिला सगळ्या शेपूट म्हणतात. माझे हात पुसून होताच तिने तांब्या माझ्याकडे दिला आणि सुटले बाई एकदाची म्हणाली. ती मूळची शिंपीण. आता तिला शिंपीणच म्हणतील. शेपूट मी.

घर दुमजली आहे. खाली धुलाई. हॉटेलांच्या आणि एका इस्पितळाच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. यंत्रं दिवसभर घुमतात. कोपऱ्यात बॉयलर, त्याच्या पलीकडे गरम रूळ. ओली चादर एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने सपाट होऊन, किंचित भाजल्यासारखा वास घेऊन बाहेर येते. वर झोपायच्या खोल्या. माझी खाट खिडकीशी आहे. उशी नवी, चादर इतकी स्वच्छ की आडवं व्हायला संकोच वाटला. जेवलीस का म्हणून वेगवेगळ्या बायकांनी विचारलं, आणि जेवले म्हटलं तरी पुन्हा वाढलं.

इथे सगळ्या राखाडी कपडे घालतात. माझे कपडे घडी करून कपाटात गेले. कपाटाला कुलूप नाही. दाराला कडी आहे, ती आतून. कुणीही कधीही जावं.

धाकटी, माझी बहीण, याच घरात राहिली होती. तिच्या मरणाचं उट्टं काढायला मी आले आहे. इथे ते कुणाला ठाऊक नाही. आडनाव वेगळं सांगितलं. ती आईवर गेली होती, मी वडिलांवर. आमचे चेहरे मिळत नाहीत.

मंगळवार, ४

थोरली आज दिसली. घर तिचं, धुलाई तिची, बायका तिच्या. मी मनात एक धिप्पाड बाई रंगवली होती. ही खुजी, गुडघा धरून जिना उतरणारी. गळ्यात तपकिरी रुमाल. मी घातलेली घडी तिने उलगडली आणि पुन्हा घालून दाखवली. काठाला काठ लाव, म्हणाली, माणसं तिरकी चालली तर चालतील, चादर चालत नाही.

दुपारच्या विसाव्यात इस्त्रीच्या टेबलाशी मी हे लिहीत होते. ती मागून आली. लपवायला वेळ मिळाला नाही. तिने वाचलं नाही. लिही, म्हणाली, लिहिल्याने वैर मुरतं.

धाकटीचं एकदाच लिहून ठेवते.

ती एका कचेरीत होती. साहेबाने स्वतःची चूक तिच्या गळ्यात बांधली आणि तिला काढून टाकलं. ती घरी येऊन रडली. आम्ही तिला एकच सांगितलं. सोडून दे. दादा म्हणाला, वहिनी म्हणाली, शेजारपाजारचे म्हणाले. ती जेवताना रडली, सोडून दे. न जेवता झोपली, सोडून दे. मग ती या घरात आली.

परतली तेव्हा निम्मी उरली होती. साहेब अंथरुणाला खिळल्याचं तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते नको होतं. दादाने तिला दारातच उभी केली. जाताना विचारलं होतंस का, म्हणाला. मग आत घेतलं. रोज दुपारी जेवणं झाली की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, आता माझं चाललंय. अंगावर वळ उठायचे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, बाकी मनाचं. एका दुपारी ती भिंतीशी बसली ती उठली नाही.

तिला पोहोचवून परत येताना दादा मला म्हणाला, आता सोडून दे.

मी सोडलं नाही.

गुरुवार, ६

दगड मागच्या अंगणात आहे. कामाचं धुणं यंत्रात होतं. दगड फक्त दुपारचा.

धाकटीने तो आम्हाला सांगितला होता. तेव्हा दादा हसला होता. ज्याने छळलं त्याचा एक कपडा प्रत्येक बाईने आणायचा. तो उशीच्या अभ्र्यात घालून नाडीने बांधतात. शिंपीण अभ्र्याच्या कोपऱ्यावर रंगीत टाका घालते. मला जांभळा मिळाला. आतला कपडा पुन्हा कुणी पाहत नाही. पाहून पाहून त्याचीही माया लागते, असं शिंपीण म्हणते.

प्रत्येक अभ्र्याला वार ठरलेला असतो. आज मास्तरीणबाईच्या जावयाचा. ती शाळेत शिकवायची. जावयाने तिच्या मुलीला जिवंतपणी मारलं असं ती सांगते, मुलगी अजून हिंडती फिरती आहे. आम्ही रिंगण करून बसलो. अभ्रा बादलीत बुडवला. पहिलीने तो दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, मनात माणूस आणला, दगडावर आपटला, शेजारणीला दिला. तिने तसंच. मलाही आला. मला जावई काय ठाऊक. शिंपीण कानाशी लागली. पुढचे दात फाकलेले, चालताना किल्ल्या वाजवतो. तेवढं पुरलं. किल्ल्या ऐकू आल्या. मी आपटला.

झाल्यावर चहा. जावयाला आज स्वच्छ धुतला, आता वाळत घाला मेल्याला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. मास्तरीणबाई पदराआड रडते तशी बाहीआड हसत होती.

चहाच्या आधी एक अभ्रा आणखी फिरला. त्याला टाका नव्हता, आत काही नव्हतं. रिकामा. तरी सगळ्यांनी आपटला. कुणाचा म्हणून विचारलं. शिंपीण म्हणाली, सोडून गेलेल्या बायकांचा. त्यांना वार नसतो गं. त्या रोज.

मी चहा प्यायले. कप विसळून जागेवर ठेवला.

रविवार, ९

माझा बेत साधा आहे. माझा दगडावर विश्वास नाही. यांचा आहे. मला तेवढं पुरे. थोरलीचा रुमाल मिळवायचा, माझ्या अभ्र्यात घालायचा, यांच्याच हातांनी यांचं दैवत दगडावर आपटवायचं. मग नाडी सोडून सगळ्यांना दाखवायचं. थोरलीला काही झालं नाही तर दगड खोटा. काही झालं तर थोरली संपली. कसंही झालं तरी हे घर त्या दिवसापासून उभं राहणार नाही.

अभ्र्यात घालायला म्हणून निघताना दादाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट दोरीवरून ओढून आणला. दादाचं माझं तसं वैर नाही. काहीतरी न्यायचं होतं, तो हाताशी होता. कापडाने कुणी मरत नाही.

आज माझी पाळी होती. म्हणजे सांगायची. धुलाई बंद असते, सगळ्या वरच्या खोलीत जमतात आणि नवी बाई बोलते. मी जुजबी काहीतरी सांगून मोकळी होणार होते. त्या मोकळं होऊ देईनात. तो हसतो कसा? नाकातून. भांग कुठल्या बाजूला? चिडला की काय करतो? चिडत नाही, पाणी पितो, पेला ठेवतो, आणि मग बोलतो. काय बोलतो? सोडून दे.

मग मास्तरीणबाई म्हणाली, सोडून दे म्हणणाऱ्याचं काय जातं. थोरली म्हणाली, पुढे सांग. घाई नाही.

मी सांगत गेले. दारात उभी केलेली धाकटी सांगितली, ती माझी मैत्रीण म्हणून. तिच्या हातातली पिशवी, दादाचा चौकटीला टेकवलेला हात. तो हात मी तेव्हा पाहिला होता हे मलाच ठाऊक नव्हतं. कुणी मध्ये बोललं नाही. कुणी दुसरी बाजू विचारली नाही. त्याचंही काही असेल, असं कुणी म्हणालं नाही. माझ्या शेजारची बाई माझी पाठ चोळत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

धाकटी इथे का आली, ते आज कळलं. कळायला नको होतं.

बुधवार, १२

जांभळ्या टाक्याचा वार बुधवार ठरला.

नवीचा भाऊ, नवीचा भाऊ, असं म्हणत त्यांनी तो हातोहात फिरवला. एक बाई आपटण्याआधी नाकातून हसली, अगदी दादासारखी. मी अंगावर काटा यायची वाट पाहिली. आला नाही. बरं वाटलं. इतक्या बायका, आणि एकीलाही माझी कीव येत नव्हती. सगळ्यांना माझा राग आला होता, म्हणजे माझ्यासाठी.

माझ्या हातात आला तेव्हा थोरलीला मनात आणायचं ठरवलं होतं. आणली. रुमाल आणला, गुडघा आणला. ती टिकेना. चौकटीला टेकवलेला हात आला.

मी आपटला. पाणी तोंडावर उडालं.

नंतर गाढ झोपले. धाकटी गेल्यापासून अशी झोप नव्हती.

शनिवार, १५

दाराशी टेबल आहे, तिथे ऑर्डरींचा फोन असतो. त्यावर वहिनीचा फोन आला. मी इथे आहे हे तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, तू दुसरीकडे कुठे जाणार होतीस.

दादाचा खांदा धरला आहे. पेला उचलत नाही. मी म्हणाले, वय झालं, शेक दे. ती म्हणाली, देतेय. मग म्हणाली, त्यांचा तो निळ्या चौकड्यांचा शर्ट सापडत नाहीये गं. तू निघालीस त्या सकाळी दोरीवर होता.

मी म्हणाले, मला काय ठाऊक.

तिने फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग मीच ठेवला.

खांदे सगळ्यांचेच धरतात.

मंगळवार, १८

थोरली रुमाल काढतच नाही. गरम रुळापाशी घाम पुसते तेव्हा एक टोक सैल करते, तेवढंच. मी तिच्यामागे मागे असते. तिला वाटतं मला तिची सेवा करायची आहे. किंवा तसं वाटत नसेल.

उद्या बुधवार. आतला शर्ट काढून ठेवता येईल, फाटका टॉवेल घालता येईल. उगाच विषाची परीक्षा नको.

पण कुणी पाहिलं तर आजवरचं सगळं पाण्यात. शर्ट राहू दे.

बुधवार, १९

हळू आपटायचं असं ठरवून बसले होते.

हळू आपटला नाही.

शुक्रवार, २१

वहिनीचा फोन. दादा इस्पितळात. पाठीवर वळ आहेत, पडला नाही, झडला नाही. डॉक्टर तिलाच विचारताहेत, घरात मारहाण होते का. ती एवढंच म्हणाली, धाकटीलाही असेच होते. मग म्हणाली, काय हवं ते माग, पण शर्ट परत आण.

मी आणते म्हणाले नाही. का म्हणाले नाही?

मास्तरीणबाईकडे गेले. मला माझा अभ्रा परत हवा, झालं तेवढं पुरे झालं, म्हणाले. ती चादरी मोजत होती ती थांबली. रागावली नाही, हेच वाईट. शिकवावं तसं समजावलं. वैर तुझ्या एकटीचं होतं तोवर तू सोडू शकत होतीस गं. आता ते सगळ्यांचं आहे. आम्ही त्याच्यावर रडलो आहोत. उद्या माझ्या जावयाला कुणी सोडून दे म्हणालं तर? तू एक टाका उसवलास की सगळं उसवलं.

मग मऊ आवाजात म्हणाली, मागे एक होती. तिनेही असंच मागितलं होतं. चांगली पोर होती, गळा गोड होता.

धाकटी गायची.

माझे डोळे भरले नाहीत. दात घट्ट बसले. आता फक्त रुमाल.

सोमवार, २४

मिळाला.

थोरली बॉयलरपाशी बसली होती. मी म्हणाले, रुमाल मळलाय, धुऊन देते. तिने मुकाट्याने सोडून हातात ठेवला. गळ्यावर खूण नाही, डाग नाही, म्हातारीचा साधा गळा. इतकं सोपं होतं. मी इतके दिवस चोरी योजत होते.

परत कधी देशील, असंही तिने विचारलं नाही.

बुधवार, २६

सकाळी अभ्र्याची नाडी सोडली. शर्ट काढला, माझ्या कपड्यांच्या आत घालून टाकला, लपवायला तीच जागा होती. रुमाल घातला. नाडी बांधली. दोनदा भिजूनही शर्टाला अजून घराचा वास आहे. दादाला आता काही होणार नाही, हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हटलं.

रिंगण. थोरली समोरच बसली, उघड्या गळ्याने. अभ्रा फिरला. नवीचा भाऊ, नवीचा भाऊ. त्या नेहमीपेक्षा जोरात आपटत होत्या. इस्पितळाची बातमी त्यांना कळली असावी, यशाने हातांना जोर चढला होता. मी थोरलीचा चेहरा पाहत होते. प्रत्येक आपटीला तिची पापणी हलेल म्हणून वाट पाहिली. ती मान डोलवत होती.

माझी पाळी आली. मी थोरलीला आणलं, पूर्ण आणलं, डोळे उघडे ठेवूनच आपटलं. धाकटीसाठी. तिच्या भिंतीसाठी. हाताच्या शिरा दुखल्या.

मग उभी राहिले. नाडी सोडली. रुमाल वर धरला, पाणी कोपरावरून ओघळत होतं. म्हणाले, हे बघा कुणाला आपटलंत. म्हणाले, धाकटी माझी बहीण होती.

कुणी किंचाळलं नाही. शिंपीण थोरलीकडे पाहून म्हणाली, अय्या, तुमचा रुमाल. एकदोघी हसल्या. थोरलीने हात पुढे केला, रुमाल घेतला, पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला. चहा ठेवा गं, म्हणाली.

तिला काही झालं नाही.

म्हणजे दगड खोटा. मी जिंकले. मी चहा प्यायले—

गुरुवार, २७

दादा गेला. काल दुपारी. जेवणं झाल्यावर.

शेजाऱ्यांनी फोन केला. वहिनी बोलली नाही. मागे कुणीतरी सारखं म्हणत होतं, शर्ट, शर्ट.

शर्ट माझ्या अंगात होता. माझ्या अंगात. त्याला कुणी हात लावला नव्हता—

शनिवार, २९

थोरलीला विचारलं. शिव्या देऊन विचारलं. ती घड्या घालत होती.

कापड काय, कापडच असतं, म्हणाली. नव्या बाईच्या हाताला काहीतरी लागतं धरायला, म्हणून मागतो. तू त्याचं हसणं दिलंस, भांग दिलास, पेला ठेवायची लकब दिलीस. त्या दिवशी सगळ्यांच्या मनात तोच होता. आत रुमाल होता की धोंडा, हातांना काय करायचंय? तुझी धाकटी काही मागे ठेवून गेली नव्हती. तिचा चेहरा आम्हाला पाठ होता.

म्हणजे रिकामा अभ्रा. म्हणजे मीही. पहिल्याच गुरुवारी, चहाच्या आधी, तो माझ्याही हातात आला होता. शेजारणीने तो दिला आणि मी— कुणाला मनात आणलं होतं मी तेव्हा? सोडून गेलेली म्हटल्यावर मला एकच ठाऊक होती.

पण ती तर आधीच गेली होती. तेव्हा गेलेली होती. गेलेल्याला लागत नाही. लागत नसेल.

तुझ्यावर सूड घ्यायला आले होते, म्हणाले. ती म्हणाली, ठाऊक आहे. एकेकीकडे बोट दाखवत म्हणाली, ही आली ती अशीच, ती पलीकडचीही. माझ्यावर वैर धरून येतात त्याच टिकतात. मग काठाला काठ लावला.

रविवार, ३०

दार उघडून गेले. कुणी अडवलं नाही. शिंपीण म्हणाली, छत्री हवी का, ऊन आहे.

रस्ता. दुकानं. एक बाई मुलाला ओढत नेत होती. कोपऱ्यावर थांबले. घरी जायचं तर कुणाच्या? कुणाला सांगायचं? ज्याला सांगेन तो ऐकून घेईल आणि पेला खाली ठेवेल आणि—

मग दुपार झाली. जेवणं झाली असतील. रिंगण बसलं असेल. शेवटी टाका नसलेला अभ्रा फिरेल, आणि त्यांना माझं सगळं ठाऊक आहे, हसू, चाल, खाटेवर कोणत्या कुशीवर झोपते ते—

पाठीत कळ आली. पहिलीच. ऊन असेल.

धावत आले. दार ढकललं. मला जागा ठेवली होती. शेजारणीने सरकून घेतलं, पाठ चोळली. आलीस, म्हणाली. बाकी काही नाही.

मला रडू आलं. आनंदाने. हे लिहायची लाज वाटते पण आनंदानेच—

सोमवार, ३१

माझा वार आता मोकळा. थोरली म्हणाली, दुसरं कुणी असेल तर सांग, वैराला काय तोटा. असेल तर रविवारी बोल.

वहिनी. ती सोडून दे म्हणाली होती. तीही म्हणाली होती. दोनदा. धाकटी जेवली नाही तेव्हा ताट उचलून नेलं होतं तिने, आपटून. ते ताट मला आत्ता दिसतंय. कशी चालते ती? टाच आधी. हसते तेव्हा हात तोंडावर—

नको. हे मी लिहीत नाहीये. कुणीतरी— मी हे रविवारी बोलणार नाही. मी तोंड उघडणार नाही. दाताखाली जीभ धरून बसेन, पण वहिनीचं एक अक्षर

मंगळवार, १

सकाळी दार वाजलं. मी अजून शेपूटच आहे, म्हणून मी उघडलं.

वहिनी होती. हातात कापडी पिशवी. तिच्या तोंडातून माझं नाव निघालं नाही. तिने दोन्ही हात पुढे केले, बाह्या वर केलेल्याच होत्या. धाकटीने रीत तिलाही सांगितली होती. मी पाणी आणलं, सोसेल इतकंच गरम. ओतता ओतता, विचारायचं असतं ते विचारलं.

ती म्हणाली, नणंद.

शिंपीण मागून म्हणाली, सख्खी? ती म्हणाली, सख्खीच. मग पिशवीतून माझा हिरवा स्वेटर काढून दिला. तो मी घरी विसरले होते. शिंपिणीने तो अभ्र्यात घातला, नाडी बांधली आणि टाक्यासाठी दोरा शोधायला गेली. जांभळा मोकळा आहे, असं ती कुणालातरी सांगत होती.

तांब्या मी वहिनीच्या हातात दिला. तिला खाट माझ्या शेजारची मिळाली. जेवलीस का, असं सगळ्यांनी तिला विचारलं. मीही विचारलं.

बोलायला तिचा रविवार यायचा आहे, पण थोरली म्हणाली, हिच्या बाबतीत सांगण्यासारखं काय राहिलंय, माणूस तर आपल्यातलाच आहे. आजच घेऊ. कुणाचा चेहरा बदलला नाही. शेजारणीने माझ्यासाठी जागा धरली आहे. बादली भरली. अभ्रा हातोहात फिरत माझ्यापर्यंतही येईल. शेजारीण तो माझ्या हातांत देईल, तो जड असेल, पाणी निथळत असेल. मग डोळे मिटायचे, मनात माणूस आणायचा आणि